डॉ. फ्रेडरिक बँटिंग

मधुमेह हा रोग मानवाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरक व सुश्रुत यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या वैद्यकग्रंथांत त्याचे वर्णन आढळते. रोग्याच्या मूत्रात मधासारखा गोडवा उतरतो, हे आपल्या वैद्यांनी ओळखले होते व त्यावरूनच या रोगाला मधुमेह हे नाव मिळाले. रोग ओळखता येत होता. परंतु तो का होतो आणि त्याला आवर कसा घालावा, हे मात्र शतकानुशतके कोणालाच उमगले नव्हते.

विशेषतः लहान मुलांना जडणारा मधुमेह फार भयंकर असे. हसतेखेळते मूल एकाएकी कोमेजू लागे. त्याला सारखी तहान लागे, वरचेवर लघवीला जावे लागे आणि कितीही खाल्ले तरी अन्न अंगी लागत नसे. दिवसेंदिवस ते वाळत जाई आणि अखेर बेशुद्ध होऊन या जगाचा निरोप घेई. विसाव्या शतकाच्या आरंभी यावर वैद्यांच्या हाती एकच उपाय होता. तो म्हणजे मुलाचा आहार इतका तोडणे की त्याने जेमतेम जीव धरून राहावे. पोटभर खाऊ घालावे, तर मूल काही महिन्यांत दगावणार. उपाशी ठेवावे, तर हाडांचा सापळा होऊन ते आणखी वर्ष-दोन वर्षे तग धरणार. आईबापांपुढे याहून निराळी वाट नव्हती. ही वाट ज्यांनी खुली केली, त्यांत अग्रणी होते कॅनडातील एक तरुण शस्त्रवैद्य, डॉ. फ्रेडरिक ग्रँट बँटिंग.

फ्रेडरिक यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील अॅलिस्टन या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. गुराढोरांच्या सहवासात आणि शेतातील कष्टांत त्यांचे बालपण गेले. शाळेत ते हुशार विद्यार्थी म्हणून कधी चमकले नाहीत. शुद्धलेखन तर त्यांना जन्मभर नीट साधले नाही. परंतु एकदा हाती घेतलेले काम तडीस नेल्यावाचून सोडायचे नाही, हा शेतकऱ्याचा गुण त्यांच्या अंगी पुरेपूर मुरला होता.

१९१० साली ते टोराँटो विद्यापीठात दाखल झाले. तेथे पहिल्याच वर्षी त्यांच्या पदरी अपयश आले. तथापि त्यांनी हाय खाल्ली नाही. आपला ओढा कोणत्या विद्येकडे आहे हे ओळखून १९१२ साली त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. बँटिंग सैन्यात भरती होण्यास गेले. पण दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे १९१६ च्या डिसेंबरात वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण होताच ते सैन्याच्या वैद्यकीय पथकात रुजू झाले. १९१८ साली फ्रान्समध्ये कांब्रे येथील रणक्षेत्रावर तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा हात जायबंदी झाला. तशा स्थितीतही ते कित्येक तास इतर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले. या शौर्याबद्दल त्यांना 'मिलिटरी क्रॉस' हे पदक देण्यात आले.

युद्ध संपल्यावर त्यांनी टोराँटो येथील मुलांच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेचे शिक्षण पुरे केले. तेथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही. म्हणून १९२० च्या जुलै महिन्यात त्यांनी आँटॅरिओ प्रांतातीलच लंडन नावाच्या शहरात दवाखाना थाटला. दाराबाहेर पाटी लागली. पण रोगी काही येईनात. वाट पाहण्यात दिवस जाऊ लागले. पहिल्या महिन्याची त्यांची सारी मिळकत अवघी चार डॉलर होती. चरितार्थाला थोडा हातभार लागावा म्हणून त्यांनी तेथील विद्यापीठात काही तास शिकविण्याचे काम पत्करले. दवाखान्यातील त्या रिकामपणातूनच पुढची घटना घडून आली.

ती घटना समजण्यासाठी आपल्या शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. शरीरात काही ग्रंथी अशा आहेत, की त्यांचा रस एखाद्या नळीवाटे बाहेर न पडता सरळ रक्तात मिसळतो. या रसांना संप्रेरके असे म्हणतात. गळ्यातील अवटु ग्रंथी, मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी या सर्व याच प्रकारच्या होत. संप्रेरके अत्यल्प प्रमाणात निर्माण होतात. परंतु शरीराची वाढ, उष्णता, बळ ही सारी त्यांच्या आज्ञेत असतात. त्यांचे प्रमाण कमीअधिक झाले की शरीराचा तोल बिघडतो.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. त्याची कामे दोन. अन्न पचविणारा रस तयार करून तो नळीवाटे आतड्यात सोडणे, हे त्याचे पहिले काम. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला या अवयवात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. समुद्रात बेटे असावीत, तसे ते सर्वत्र विखुरलेले होते. ते काय करतात हे त्या वेळी कळले नाही. पुढे १८८९ मध्ये मिंकोव्हस्की व फॉन मेरिंग या दोन शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला. यावरून या बेटांतून काहीतरी अंतःस्राव रक्तात मिसळत असावा व तोच शरीराला साखरेचा उपयोग करू देत असावा, असा तर्क बळावला. तो स्राव नसेल, तर रक्तात साखर साचते. पण शरीर मात्र उपाशीच राहते. भरल्या कोठाराच्या दाराला कुलूप असावे आणि किल्ली हरवावी, तशी ही अवस्था होती. ती किल्ली शोधण्याचा प्रयत्न अनेकांनी केला होता. पण स्वादुपिंडाचा अर्क काढून टोचला, तर तो कधी निरुपयोगी ठरे, तर कधी अपायकारक.

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री बँटिंग दुसऱ्या आठवड्यातील पाठाची तयारी करीत बसले होते. विषय होता शरीरातील साखरेचा. त्या रात्री त्यांच्या वाचनात एक लेख आला. स्वादुपिंडाची नळी खड्याने बुजून गेली, तर पाचकरस करणारा भाग सुकून जातो, परंतु बेटे मात्र टिकून राहतात, असे त्यात नमूद केले होते. ते वाचून त्यांच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले. स्वादुपिंड कुटून अर्क काढताना त्यातील पाचकरसच अंतःस्रावाचा नाश करीत असेल काय? तसे असेल, तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी आधी बांधून टाकावी, पाचकरसाचा भाग सुकू द्यावा आणि उरलेल्या बेटांतून तो अंतःस्राव मिळवावा! त्यांची झोप उडाली. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यांनी हा विचार काही मोजक्या शब्दांत आपल्या वहीत टिपून ठेवला. त्या टिपणात त्यांनी रोगाचे नावही चुकीचे लिहिले होते. पण चुकलेल्या अक्षरांमागची कल्पना मोलाची होती.

नोव्हेंबर महिन्यात बँटिंग टोराँटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांना भेटले. मॅक्लाउड हे साखर व शरीर या विषयातील नामवंत पंडित होते. थोर थोर शास्त्रज्ञ जेथे थकले, तेथे संशोधनाचा काडीचाही अनुभव नसलेला हा तरुण काय करणार, अशी शंका त्यांना येणे स्वाभाविक होते. तथापि बँटिंग यांचा आग्रह पाहून त्यांनी उन्हाळ्यापुरती एक प्रयोगशाळा, दहा कुत्रे व एक साहाय्यक देण्याचे मान्य केले. साहाय्यक होण्यास दोन विद्यार्थी तयार होते. आधी कोणी काम करावे हे ठरविण्यासाठी त्यांनी नाणे उडविले आणि कौल चार्ल्स बेस्ट या विद्यार्थ्याला मिळाला. १७ मे १९२१ रोजी कामास आरंभ झाला.

आरंभी अपयशच वाट्याला आले. प्रयोगशाळा कोंदट होती. त्यात उन्हाळा कडक. शस्त्रक्रियेनंतर जखमा चिघळून कुत्रे एकामागून एक मरू लागले. मॅक्लाउड जूनमध्ये आपल्या मायदेशी, स्कॉटलंडला गेले. बँटिंग यांना या कामाचा पगार नव्हता. लंडनमधील दवाखाना तर त्यांनी सोडलाच होता. तरीही दोघे तरुण रात्रंदिवस खपत होते. अखेर ३० जुलै १९२१ रोजी, सुकलेल्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क त्यांनी मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला टोचला. तासाभरातच त्याच्या रक्तातील साखर उतरली! तो कुत्रा वाचला नाही. पण आपली वाट बरोबर आहे, याची त्यांना खूण पटली. ऑगस्टमध्ये ९२ क्रमांकाच्या एका कुत्र्याला त्यांनी अर्काच्या बळावर जवळजवळ तीन आठवडे जगविले. तो मेला, तेव्हा बँटिंग यांना अश्रू आवरले नाहीत. मुक्या प्राण्यांचे हे ऋण त्यांनी कधी विसरू दिले नाही.

पुढे आणखी एक गोष्ट उघड झाली. स्वादुपिंडाची नळी बांधून आठवडेच्या आठवडे वाट पाहण्याची मुळी गरजच नव्हती. मद्यार्काचा योग्य वापर केला, तर कसाईखान्यातून आणलेल्या बैलाच्या ताज्या स्वादुपिंडातूनही तो अर्क मिळत होता. म्हणजे बँटिंग यांची मूळ कल्पना पूर्णांशाने खरी नव्हती. पण त्या कल्पनेनेच त्यांना घराबाहेर काढले होते व प्रयोगांच्या वाटेवर आणून उभे केले होते. प्रयोग जे सांगेल ते मानावयाचे आणि आपल्या कल्पनेला चिकटून बसावयाचे नाही, हा शास्त्राचा धर्म त्यांनी पाळला.

आता अर्क शुद्ध करणे हे मोठे काम होते. त्यासाठी १९२१ च्या डिसेंबरात जेम्स कॉलिप नावाचे निष्णात रसायनशास्त्रज्ञ या कार्यात सामील झाले. त्याच सुमारास टोराँटोच्या सार्वजनिक रुग्णालयात लिओनार्ड टॉमसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मृत्यूशी झुंजत होता. त्याचे वजन जेमतेम तीस किलोग्रॅम उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क त्याला टोचण्यात आला. साखर थोडीशीच उतरली. उलट टोचल्या जागी गळू झाले. साऱ्यांची निराशा झाली. कॉलिप यांनी मात्र जिवाचे रान करून अर्क शुद्ध करण्याची रीत शोधून काढली. २३ जानेवारीपासून हा शुद्ध अर्क लिओनार्डला देण्यात येऊ लागला आणि काय आश्चर्य! त्याच्या रक्तातील साखर उतरली, मूत्रातील साखर जवळजवळ नाहीशी झाली, चेहऱ्यावर तेज आले. पाय ओढीत चालणारा तो मुलगा हिंडूफिरू लागला. यानंतर तो तेरा वर्षे जगला.

'बेट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या औषधाला इन्शुलीन असे नाव देण्यात आले. बातमी पसरताच ठिकठिकाणांहून आईबाप आपल्या मुलांना घेऊन टोराँटोकडे धाव घेऊ लागले. १९२२ च्या ऑगस्ट महिन्यात एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी आली. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. पण धन आणि अधिकार या रोगापुढे दुबळे ठरले होते. तीन वर्षांच्या उपासमारीने पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचे वजन अवघे वीस किलोग्रॅम झाले होते. इन्शुलीन मिळू लागल्यावर बँटिंग यांनी तिला पोटभर जेवण्याची मुभा दिली. कित्येक दिवसांनी तिच्या ताटात पाव आला! ही मुलगी पुढे शिकली, संसारी झाली आणि १९८१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मरण पावली.

असे औषध ज्यांच्या हाती आले, त्यांना गडगंज संपत्ती मिळविणे अशक्य नव्हते. त्याच्या निर्मितीचा हक्क आपल्याकडे ठेवला असता, तर मागतील ती किंमत लोकांनी चुकती केली असती. कारण कोणता बाप मुलाच्या प्राणांचे मोल करील? पण बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी १९२३ साली हा हक्क टोराँटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकला. कोणी कमी प्रतीचे औषध विकू नये किंवा त्यावर मक्तेदारी बसवू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. इन्शुलीन हे सर्व मानवजातीचे आहे, अशी बँटिंग यांची धारणा होती.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. बँटिंग तेव्हा एकतीस वर्षांचे होते. वैद्यकाचे हे पारितोषिक त्यांच्याहून लहान वयात आजवर कोणालाही मिळालेले नाही. पण वार्ता ऐकून त्यांना आनंदाऐवजी संताप आला. बँटिंग हे स्वभावाने तापट होते. मॅक्लाउड यांच्याशी त्यांचे पटत नसे आणि कॉलिप यांच्याशीही एकदा त्यांचा कडाक्याचा खटका उडाला होता. उन्हाळाभर आपल्या खांद्याला खांदा लावून राबणाऱ्या बेस्टला वगळले, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला देऊन टाकली. मॅक्लाउड यांनीही आपली निम्मी रक्कम कॉलिप यांना दिली. मने जुळली नव्हती, तरी न्याय मात्र दोघांनीही केला. खरे पाहता या चौघांपैकी एकजण जरी नसता, तरी हे कार्य त्या वेळी सिद्धीस गेले नसते. बँटिंग यांची जिद्द, बेस्ट यांची चिकाटी, मॅक्लाउड यांचे ज्ञान आणि कॉलिप यांचे कौशल्य यांचा तो संगम होता. रुमानियातील पाउलेस्कू या शास्त्रज्ञानेही १९२१ सालीच अशा अर्काविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

पुढील आयुष्यात बँटिंग यांना पुष्कळ मानसन्मान मिळाले. कॅनडाच्या संसदेने त्यांना तहहयात वर्षासन दिले आणि १९३४ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पण त्यांचे मन समारंभात रमत नसे. सवड मिळाली की ते कुंचला व रंग घेऊन रानावनांत जात. जॅक्सन या प्रसिद्ध चित्रकार मित्राबरोबर १९२७ साली ते थेट उत्तर ध्रुवाकडील हिममय प्रदेशात चित्रे काढण्यासाठी गेले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ते पुन्हा देशाच्या सेवेस उभे राहिले. वैमानिकांच्या शरीरावर वेगाचा व उंचीचा काय परिणाम होतो, या संशोधनात त्यांनी लक्ष घातले. या युद्धकार्यासाठी इंग्लंडला जात असताना फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांचे विमान न्यूफाउंडलंड बेटावर कोसळले. २१ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, या थोर पुरुषाचे निधन झाले.

इन्शुलीनने मधुमेह समूळ नाहीसा होत नाही. ज्या मुलाच्या शरीरातील बेटे नष्ट झाली आहेत, त्याला ते रोज घ्यावेच लागते. परंतु जे मूल पूर्वी दोन वर्षांत मेले असते, ते आज शाळेत जाते, खेळते, मोठे होऊन आपला संसार करते. १९८२ पासून सूक्ष्म जंतूंच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्शुलीनही बाजारात मिळू लागले. १९९१ पासून बँटिंग यांचा जन्मदिवस, १४ नोव्हेंबर, हा जागतिक मधुमेहदिन म्हणून पाळला जातो. हाच दिवस भारतात बालदिन म्हणून साजरा होतो, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. ज्या घरात त्या रात्री बँटिंग यांची झोप उडाली, त्या लंडनमधील घरासमोर १९८९ साली एक ज्योत पेटविण्यात आली. मधुमेह समूळ बरा करणारा उपाय सापडेपर्यंत ती तेवत ठेवावयाची, असा संकल्प आहे. ती विझविण्याचे भाग्य कोणाच्या तरी परिश्रमांची वाट पाहत आहे.